डफडं तरंगतं

"तुझ्या बापाचा हात अजून चालतो का रे डफड्यावर?"

बँकेच्या चेअरमननी मला हे विचारलं तेव्हा केबिनमध्ये चारचौघे बसले होते. मी उभा होतो. हातात अर्ज होता. घराच्या कर्जाचे हप्ते लहान करून द्या, मुदत वाढवून द्या, एवढंच त्यात मागितलं होतं. मी नोकरीला होतो ती अंबडची कंपनी बंद पडली होती. काही हप्ते थकले होते. बँकेने जप्तीची नोटीस पाठवली होती. अशा वेळी माणूस जे करतो तेच मी करायला गेलो होतो.

चारचौघे हसले. मीही हसलो.

ते हसू माझ्या तोंडावर कुठून आलं, हे मला आजही सांगता येत नाही. आतून आलं नव्हतं. साहेब हसले की आपण हसायचं, ही सवय आमच्या चेहऱ्याला आमच्या आधीपासून आहे. मी बी.कॉम. झालो, तरी चेहरा झाला नव्हता.

चेअरमनना सगळे नाना म्हणत. आम्हीही म्हणत होतो. घोटीकडच्या ज्या गावातून आमचं घर आलं, त्याच गावचे ते. त्यांचं घर पाटलाचं. आमचं गावकुसाबाहेर. माझे वडील, अप्पा, लहानपणी आजोबांच्या मागे गावात डफडं घेऊन फिरायचे. सरकारी हुकूम, मेलेलं जनावर, कोणाच्या घरावरची जप्ती, सगळ्याची दवंडी आमच्याच माणसांनी द्यायची. त्याच्या बदल्यात दारोदार भाकरी मागायची. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा हे सगळं सोडलं. अप्पा नाशिकरोडला आले, हमाली केली, मग एका कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटले. मी जन्मलो तेव्हा आमच्या घरात डफडं नव्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि माझ्यासाठी नवी पाटी होती. मला डफड्याचं एवढंच माहीत होतं की आजोबांनी ते दारणा नदीत टाकलं आणि घरात त्याचं नाव काढायचं नाही.

नानांनी नेमकं तेच नाव काढलं. वातानुकूलित केबिनमध्ये. चहा चालू असताना.

त्या दिवशी माझ्या आधी एका लॉन्सच्या मालकांचं काम झालं होतं. गंगापूर रोडला त्यांचं मोठं मंगल कार्यालय. कर्ज माझ्या कर्जाच्या कितीतरी पट. तेही थकलेलं. ते खुर्चीत पाय पसरून बसले होते. नाना त्यांना म्हणाले, "शेट, लग्नसराई निघू द्या. हप्ते पुढं ढकलू. बोर्डात विषय मांडायचा फक्त, तुम्ही नका टेन्शन घेऊ." शेटनी बिस्किट चहात बुडवलं. झालं. अर्जसुद्धा नव्हता त्यांच्याजवळ. त्यांचा अर्ज बँकेचाच माणूस बाहेर लिहीत होता.

मग नाना माझ्याकडे वळले आणि डफड्याचं विचारलं.

मी म्हणालो, "नाही नाना, कधीच सोडलं."

"सोडलं म्हणून काय हात विसरतो का? पोहणं आणि डफडं, एकदा आलं की आलं." पुन्हा हसणं. मग ते पुढे झुकून अगदी आपुलकीने बोलू लागले. त्या आपुलकीचाच मला आज जास्त राग येतो. "हे बघ, तू आपल्या गावचा पोरगा. तुझं घर जावं असं मला वाटत नाही. आपण थकबाकीदारांच्या दारात वाजवायला सुरुवात केली, तुला माहितीये. तो ब्रास बँडवाला आता लय भाव खातोय. तू एक कर. अप्पाला पाठव. वसुलीच्या गाडीबरोबर दोन-तीन महिने फिरू दे. तुझं रिशेड्यूल मी बोर्डात करून घेतो. शब्द माझा."

मी हातातल्या अर्जाची घडी घातली.

"अरे लाजायचं काय? घरचंच काम आहे तुमचं."

बँकेची ती तऱ्हा साऱ्या नाशिकरोडला ठाऊक होती. ज्याचे हप्ते थकले त्याच्या दारात जीप जायची. वसुली अधिकारी, दोन शिपाई आणि एक वाजवणारा. गल्ली गोळा होईपर्यंत वाजवायचं. मग नाव घेऊन ओरडायचं. पेपरात फोटो यायचा. वसुलीची अभिनव पद्धत, असं छापून यायचं. लॉन्सच्या दारात कधी वाजलं नाही. कॉलनीतल्या नर्सबाईच्या दारात वाजलं. त्या आठवडाभर खिडकी उघडत नव्हत्या.

मी नानांना नाही म्हणायला हवं होतं. तिथेच. मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

कारण मी त्यांच्या उपकाराखाली होतो. म्हणजे तसं मला वाटत होतं. हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शाळेपासून मला कोणीतरी काहीतरी दिलं की मी वाकत आलोय. गुरुजींनी वह्या दिल्या, वाकलो. वसतिगृहात जागा मिळाली, वाकलो. शिष्यवृत्ती मिळायची तेव्हा कारकुनालाही वाकायचो, जणू तो खिशातून देत होता. नोकरी लागली, लग्न झालं, मग जेलरोडला दोन खोल्यांचं रो-हाऊस घ्यायचं ठरवलं. कर्ज मागायला गेलो तेव्हा नाना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आपल्या गावचा पोरगा शिकला, घर घेतोय. देऊन टाका." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पगाराचा दाखला दिला होता, घराचं गहाणखत करून दिलं होतं, जामीनदार दिले होते, व्याजाचा दर सगळ्यांना होता तोच मला होता. तरी मला वाटलं, नानांनी घर दिलं.

घरभरणीला मी त्यांना बोलावलं. ते आले. गल्लीत आमची मान वर झाली. आईनं, ती तेव्हा होती, नव्या स्टीलच्या पेल्यातून पाणी आणलं. नाना म्हणाले, "नको नको, आत्ताच प्यालो." मग त्यांचा ड्रायव्हर गाडीतून बाटली घेऊन आला आणि नाना आमच्या ओट्यावर उभे राहून बाटलीतलं पाणी प्यायले. आई पेला हातात धरून तशीच उभी. मी पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. हार घातला. फोटो काढला. तो फोटो कितीतरी वर्षं आमच्या शोकेसमध्ये होता.

केबिनमधून घरी आलो आणि संगीताला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"अप्पांना सांगू नका," ती म्हणाली.

"नाही सांगत."

"आणि त्यांना काय सांगणार, त्या नानाला?"

तिने लाटणं पुन्हा सुरू केलं, पण जोरात.

नानांनी माझ्या उत्तराची वाट पाहिलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी सातपूरला काम शोधायला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर संगीता दारातच उभी. "अप्पांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. ताट दिलं, परत केलं. मागे बसलेत. तुम्हीच बघा."

घरामागे धुण्याच्या दगडाजवळ अप्पा उकिडवे बसले होते. समोर जुन्या पेपरांचा जाळ. हातात डफडं. ते जाळावर धरून तापवत होते, कडेकडेने फिरवत, कान लावून बोटाने टिचकी मारून बघत. सकाळी नानांचा ड्रायव्हर डफडं आणि निरोप दोन्ही देऊन गेला होता. उद्या सकाळी गाडी येईल. तयार राहा.

मी माझ्या बापाला पहिल्यांदा डफडं हातात घेतलेलं पाहिलं. भयंकर गोष्ट ही की ते त्यांच्या हातात शोभत होतं.

"हात इसरला नाय रे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मला वाटलं इसरला असंल."

"अप्पा, ठेवा ते."

"ठिवून काय करू? घर जाईल ना." त्यांनी डफडं पालथं केलं. "तू शिकला, तुला हात जोडावं लागत्यात. मी नाय शिकलो, मला वाजवावं लागंल. दोघांचं एकच की."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "जेवला का नाहीत?"

"उद्या दवंडी हाय ना."

"मग?"

"ज्या घरावर जप्तीची दवंडी द्यायची, त्या घरची भाकर त्या दिवशी मागायची नाय, असं माझा बाप सांगायचा. आपण त्याचं घर मोडाया गेलेलो. त्याच्याच दारात हात कसा पसरायचा? जप्ती मोठी असली तर आदल्या दिवसापासूनच उपास. मी पोरगं व्हतो, भुकेनं रडायचो. बाप म्हणायचा, रड, पर खाऊ नको." त्यांनी जाळात आणखी एक पेपर सारला. "उद्या पहिलं घर कोणाचं, ठाव हाय का तुला? डायव्हर सांगून गेला. सलीमचं."

सलीमभाई आमच्याच रांगेत शेवटच्या घरात राहायचे. रिक्षा चालवायचे. माझ्या मुलीला रोज शाळेत तेच सोडायचे. अप्पांना ते चाचा म्हणायचे, अप्पा त्यांच्या ईदची वाट बघायचे.

"त्याच्या घरचा शिरखुर्मा खाल्लाय मी," अप्पा म्हणाले. "म्हणून आज काय नको."

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. जाळ विझत आला होता. मी म्हणालो, "आजोबांनी आपलं डफडं टाकलं होतं ना? दारणेत?"

अप्पा हसले. खरंच हसले. "तुला कोणी सांगितलं टाकलं? दोनदा टाकलं."

"दोनदा?"

"पहिल्यांदा नुसतं टाकलं. धम्म घेऊन आलो, सगळी आळी नदीवर गेली, बाप डोहात उतरला आणि दिलं भिरकावून. आम्ही टाळ्या वाजवल्या. पर ते लाकडाचं कडं नि वर ताणलेलं कातडं. बुडंल कशाला? तरंगलं. तरंगत तरंगत गेलं खालच्या गावाला. तिथं कोणी वळखलं, आपल्या गावचं डफडं. पाटलाच्या माणसानं दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. दारात ठिवलं नि म्हणला, तुमचं हरवलं व्हतं."

"मग?"

"मग बापानं कोयता घेतला नि कातडं फाडलं. फाडल्यावर गेलं खाली."

एवढं सांगून ते उठले आणि डफडं भिंतीला टेकवून आत गेले. मी तिथेच बसून राहिलो. पाटलाचा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर येत होता. आणि ओट्यावर बाटलीतलं पाणी पिणारे नाना. मी कॉलेजात शिकलो, हिशोब शिकलो, इंग्रजीत पत्रं लिहायला शिकलो. ही एक गोष्ट मला कोणी शिकवली नव्हती की टाकून दिलेलं परत येतं. कोणीतरी ते आणून दारात ठेवतं. आणि वर म्हणतं, घरचंच काम आहे तुमचं.

सकाळी जीप आली. पुढे नाना स्वतः. मागे वसुली अधिकारी, शिपाई आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एकजण. गल्लीतले लोक ओट्यांवर आले. सलीमभाई रिक्षा पुसत होते, त्यांचा हात थांबला. जीप कोणाकडे आली याचा प्रत्येकजण मनात अंदाज बांधत होता.

"अप्पा झाले का तयार?" नानांनी गाडीतूनच विचारलं.

अप्पा आतून आले. स्वच्छ सदरा, टोपी. पोटात अन्न नाही. त्यांच्या आधी मी पायरी उतरलो. डफडं माझ्या हातात होतं.

"नाना, हे परत घ्या. अप्पा येणार नाहीत."

"का? तब्येत बरी नाही?"

"तब्येत बरी आहे. ते वाजवणार नाहीत."

नानांनी आजूबाजूच्या ओट्यांवर नजर टाकली. आवाज खाली आणला. "तुला कळतंय का तू काय बोलतोयस? बोर्डाची मीटिंग सोमवारी आहे."

"अर्ज दिलाय मी. तो मांडा. शेटचा मांडणार आहात तसाच मांडा."

"शेटची बरोबरी करतोस?" आता आवाज खाली राहिला नाही. "तुला घर दिलं मी. उपकार विसरलास?"

मी रात्रभर खूप काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. जे आलं ते साधं होतं.

"उपकार नव्हता नाना. कर्ज होतं. व्याज घेतलंय तुम्ही."

कॅमेरावाला कॅमेऱ्याशी खेळत राहिला. मी डफडं गाडीच्या खिडकीतून पुढे केलं. नानांनी हातही लावला नाही. त्यांनी काच अर्धी वर घेतली आणि शांतपणे म्हणाले, "राहू दे तुझ्याकडेच. येशील परत."

येशील परत. हे दोन शब्द बोलले नसते तर कदाचित मी ते बॉनेटवर ठेवून मागे फिरलो असतो.

मी वळून पाहिलं. संगीता दारात उभी होती. अप्पांची गोष्ट तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकली होती हे मला माहीत नव्हतं. ती आत गेली आणि भाजीची सुरी घेऊन आली. माझ्या हातात दिली.

मी अप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, "कडंनं नको. मधनं घाल."

मी मधून घातली. तापवून ताणलेलं कातडं होतं. फाटताना केवढा आवाज झाला. त्या डफड्यातून त्या दिवशी निघालेला तेवढाच आवाज. मग मी नुसतं कडं जीपच्या बॉनेटवर ठेवलं.

"मग घर जाईल," नाना म्हणाले.

"जाईल तर कायद्यानं जाईल. आमच्या हातानं दुसऱ्याचं घालवून आमचं राहायला नको."

जीप मागे मागे जात वळली. त्या दिवशी सलीमभाईंच्या दारात वाजलं नाही. संध्याकाळी ते आले, अप्पांच्या शेजारी बसले. "चाचा, आप बजाते तो मैं क्या करता, मालूम?"

"काय केलं असतंस?"

"पहले पानी पूछता."

अप्पांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मग तोंड फिरवून बराच वेळ डोळे पुसत बसले. त्या दिवशी त्यांनी जेवायला मागून घेतलं.

पुढचं सांगतो. ते गोड नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये शेटचं कर्ज रिशेड्यूल झालं. माझा अर्ज नामंजूर. कारण दिलं, कर्जदाराचं असहकाराचं वर्तन. फाडलेल्या डफड्याची किंमतही माझ्या कर्जखात्याला लावली. पुढच्या आठवड्यात आमच्याच दारात वाजलं. वाजवायला तोच ब्रास बँडवाला, वयस्क माणूस, मान खाली घालून. मी दोन खुर्च्या ओट्यावर मांडल्या. एकीत अप्पा, एकीत मी. दार सताड उघडं ठेवलं. नाव घेऊन ओरडले, ऐकून घेतलं. अप्पा मध्येच माझ्याकडे कलून म्हणाले, "गड्याचा ताल चुकतोय." मला हसू आलं. ते हसू मात्र माझं होतं. वाजवून झाल्यावर संगीताने त्या माणसाला पाणी विचारलं. तो घटाघटा प्यायला.

सहकार खात्याच्या कार्यालयात मी तक्रार नेली. सलीमभाई आले, नर्सबाई आल्या, कॉलनीतले आणखी काही आले. एकाच बँकेत एकाला खुर्ची आणि मुदत, दुसऱ्याला डफडं, हे आम्ही लिहून दिलं. तारखा पडल्या. साहेब बदलले. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी दारात वाजवणं बंद करायचा आदेश निघाला. सलीमभाई आणि नर्सबाईंना हप्ते पाडून मिळाले. माझ्या घरावर तोवर कुलूप लागलं होतं. लाखेची मोहर लावताना वसुली अधिकारी म्हणाला, "अजूनही नानांना भेटून घ्या. मनाने मोठा माणूस आहे."

मी गेलो नाही.

आम्ही भाड्याच्या खोलीत आलो. सामान बांधताना शोकेसमधला तो फोटो निघाला. हार घालणारा मी, हसणारे नाना. आणि कडेला आई. हातात पेला. पेल्यात पाणी. इतकी वर्षं मी तो फोटो पुसत होतो आणि मला आईचा हात दिसला नव्हता. नानांचा भाग मी कापून टाकला. आईचा ठेवला. तो आता भिंतीवर आहे.

घराचं दुःख होतं. आहे. जेलरोडवरून जाताना मी अजून मान वळवतो. पण मान खाली घालत नाही.

आता मी एका दुकानदाराचे हिशोब लिहितो आणि उरलेल्या वेळात लोकांबरोबर बँकेत जातो. ज्यांचे हप्ते थकलेत त्यांच्याबरोबर. बहुतेक जण केबिनच्या दारातच हात जोडतात. मी त्यांना आधी सांगतो, हात खाली घ्या. खुर्ची ओढा. बसा. मग मुदत मागा. मुदत मागणं भीक नाही, जे शेटला मिळतं तेच मागताय. कोणी घरचं काम सांगितलं तर उठून या.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. तिलाही कोणीतरी कधीतरी आणून देईल. डफडं असेलच असं नाही. गोड बोलून, उपकाराच्या कागदात गुंडाळून दारात ठेवतील, तुमचं हरवलं होतं म्हणतील. तिला मी एवढंच शिकवलंय. नुसतं भिरकावू नकोस. ते तरंगतं.

मधनं घाल.